खोलकाम

आधी बॅटरीची वायर काढायची, काळी अगोदर.
हे श्रावस्तीला सांगावं लागलं नाही.
तिनं काढून टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडाही बांधला होता.

टिनाच्या शेडमध्ये दोनशे सात,
विटांवर, चाकं नसलेली,
पाय पोटाशी घेऊन बसलेल्या म्हशीसारखी.
पंधरा हजारांत आणली, बॅन्डवाल्याकडून.
कुंदा म्हणाली, पंधरा हजारांत तं शेड पक्की झाली असती.
खरं आहे. एका बाजूला अजून पऱ्हाटीचं कुडच आहे,
वारा सुटला की इंजिनात कचरा येतो.

बॉनेट दोघांनी उचललं.
आत उंदराचा संसार : सरकीसकट कापूस,
बिडीच्या बंडलाचा कागद, लग्नपत्रिकेचा कोपरा,
त्यावर फक्त ‘यायचं हं’.

नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत,
डब्यांवर तिचं दहावीचं अक्षर :
रेडिएटर, चार.
डावा दरवाजा, सहा, एकाचे आटे गेलेले.
कशाचे माहीत नाही, अकरा.

रंग खरवडला.
वर जांभळा, बॅन्डचा, चमकी मिसळलेला.
खाली पिवळा, कुठल्याशा कॉन्व्हेंटचा.
त्याखाली हिरवा, संत्र्याच्या खेपांचा.
आधीचा कोणीच काढला नव्हता. मेहनत कोण करते?
सीटखाली डाव्या पायाचा लहान बूट,
सुकून टणक झालेल्या बिया,
आणि एक किल्ली, जी या गाडीची नव्हतीच.

भंगारवाला टेकाडे दोनदा येऊन गेला.
किलोनं द्या, म्हणे, कायले जीव काढता.
त्यानं इंजिनवर हात टेकवला, तशी ती म्हणाली,
काका, गरम हाय ते.
दोन वर्षांपासून बंद इंजिन.
त्यानं हात झटकन मागे घेतला.

बॉडीचा शेवटचा बोल्ट निघेना.
रात्रभर डिझेलात भिजवला,
पान्यावर पाइप चढवला, ती पाइपवर उभी राहिली.
तुटला. डोकं गेलं, दांडी आतच.
माझ्यासमोर पहिल्यांदा तिच्या तोंडून शिवी निघाली.
मी हातोडी शोधू लागलो, जी माझ्या हातातच होती.

मग चेसिस उघडी पडली.
ती खाली सरकली होती, आवाज तिथून आला :
“बाबा, हे कोनं केलं? शेणाचा पो दिसते.”

मी पाठीवर सरकत गेलो. टॉर्च तिनं धरला.
तिसऱ्या आडव्या पट्टीवर वेल्डिंगचा टाका,
जाड, वाकडा, मध्ये फुगलेला,
आणि शेवटी डावीकडे वळलेलं टोक.
रॉड उचलताना माझं मनगट मुरडायचं.
मुनाफ उस्ताद ओरडायचे,
मासोळीची शेपटी कायले बनवतं बे?

मोर्शीचं गॅरेज. वय चौदा.
काळा चष्मा एकच, तो उस्तादांचा.
रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपायचो,
पापण्यांत वाळू.
ती हिरवी गाडी मला आठवत नाही.
खरंच नाही. कितीतरी गाड्या यायच्या.
मनगट तेवढं आठवलं.

“कापून नवा मारू?”
ती ग्राइंडर लावायला बोर्डाकडे गेलीसुद्धा.
थांब, म्हणालो.
मग म्हणालो, लाव.
मग, “धरून तं हाय नं अजून.”
“धरून हाय,” ती म्हणाली, “पण पाह्यवत नाही.”

तेवढ्यात लाइन गेली.
कुंदानं घरातून जेवायला हाक मारली, कोणी उठलं नाही.
अंधारात बरं पडतं, म्हणून सांगून टाकलं,
टाका कोणाचा.
तिचं बोट लोखंडावरून सरकल्याचा आवाज आला,
फुगीर जागेपाशी अडलं, पुढे गेलं.
“चष्मा नव्हता?” एवढंच.

सकाळी पाहिलं तर
टाक्याभोवती खडूचं वर्तुळ,
बाजूला प्रश्नचिन्ह.
ग्राइंडर तिथंच पडलेला, प्लग काढून.